पिग्मीची पावती आणि डेटाबेसचा पेपर

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने संगणकावर लेख लिहिला, की विज्ञान शाखेचे मित्र हसतात आणि स्वतःच्या वर्गातले मित्र 'परीक्षेला याचा काय उपयोग?' म्हणून विचारतात. दोघांचीही आधीच क्षमा मागतो. आमच्या बी. कॉम.ला डेटाबेसचा एक पेपर आहे. त्याच्या शेवटी नेटवर्कवर एक प्रकरण आहे, आणि त्याच्याही शेवटी, वर्ष संपता संपता घाईघाईने शिकवले जाणारे, मोबाईलवरील माहितीच्या व्यवस्थापनाचे एक छोटे प्रकरण आहे. दहावीपर्यंत माझे शिक्षण मराठी माध्यमात झाले, पी. यू. सी.पासून सगळे इंग्रजीत. त्यामुळे पहिले काही महिने मी या पेपरच्या व्याख्या शब्दशः घोकल्या. पुस्तकातली उदाहरणे एक तर कर्मचारी आणि त्यांच्या विभागांची, नाही तर पुरवठादार आणि सुट्या भागांची. व्याख्या पाठ झाल्या, गुण मिळाले. समजले मात्र काहीच नव्हते. पेपर मला उमगला तो वर्गाबाहेरच्या दोन गोष्टींमुळे. एक माझे आडनाव, आणि दुसरी म्हणजे रोज संध्याकाळी मी करतो ते पिग्मी गोळा करण्याचे काम.

आधी आडनावाची हकिगत सांगतो. आम्ही चौगुले. शाळेच्या दाखल्यावर मराठीत 'चौगुले' आहे. रेशनकार्डावर कन्नडात आहे, ते वाचले तर 'चौगले' होते. इंग्रजीत दहावीच्या मार्कशीटवर ते सी, एच, ओ, यू असे सुरू होते, आणि बँकेच्या पासबुकात सी, एच, ए, यू असे. शिवाय एका ठिकाणी आडनाव आधी, दुसरीकडे शेवटी. बेळगावकडच्या वाचकांना यात नवल वाटणार नाही. आपल्याकडे कुलकर्णी कन्नडात गेले की शेवटची वेलांटी ऱ्हस्व होते, देसाई 'देसायि' होतात, आणि कोणाचे काही बिघडत नाही, कारण पोस्टमन माणसाला ओळखतो. संगणक ओळखत नाही. पहिल्या वर्षी मी शिष्यवृत्तीचा अर्ज भरला आणि 'नाव जुळत नाही' एवढ्या तीन शब्दांत तो परत आला. पुढे स्टॅम्प पेपरवर प्रतिज्ञापत्र केले, की ही सर्व नावे एकाच इसमाची आहेत. तोपर्यंत मुदत संपून गेली होती. वडिलांनी भिशी उचलून फी भरली.

त्यानंतर महिनाभराने वर्गात 'प्रायमरी की' हा भाग आला. तक्त्यातील प्रत्येक ओळ इतर ओळींपासून निश्चितपणे वेगळी ओळखता यावी म्हणून जो रकाना निवडतात ती प्रायमरी की, म्हणजे मुख्य किल्ली. सरांनी विचारले, "नाव हीच किल्ली का चालत नाही?" पुस्तकातले उत्तर ठरलेले आहे: एकाच नावाची दोन माणसे असू शकतात. मी उभा राहून म्हणालो, "सर, एकाच माणसाची तीन नावे पण असतात की." वर्ग हसला. सर हसले नाहीत. त्यांनी माझी तिन्ही नावे फळ्यावर एकाखाली एक लिहिली आणि वर्गाला विचारले, "हे विद्यार्थी किती?" कोणीच उत्तर दिले नाही. फळ्याकडे पाहून उत्तर देता येण्यासारखे नव्हतेच.

हा प्रश्न संगणकशास्त्राला कधी पडला? आयबीएम कंपनीच्या कॅलिफोर्नियातील सॅन होजे येथील प्रयोगशाळेत ई. एफ. कॉड नावाचे मूळचे इंग्रज गणितज्ञ होते. १९७० च्या जून महिन्यात त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला आणि आज विद्यापीठांतून जो डेटाबेस शिकवतात त्याचा पाया त्यात घातला गेला. त्यापूर्वीच्या पद्धतींत एका नोंदीपासून दुसऱ्या नोंदीपर्यंत जाण्याच्या वाटा आखून ठेवलेल्या असत आणि माहिती शोधणाऱ्या प्रोग्रॅमला त्या वाटा ठाऊक असाव्या लागत. कॉड म्हणाले, वाटा नकोत. सगळी माहिती साध्या तक्त्यांत ठेवा, प्रत्येक ओळीला तिची किल्ली द्या आणि दुसऱ्या तक्त्याला त्या ओळीचा उल्लेख करायचा असेल तर तिची किल्ली तेवढी लिहा. या कामासाठी त्यांना १९८१ चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. पुरवठादार आणि भाग हे उदाहरणही त्यांच्याच निबंधातले. पन्नास वर्षे उलटली तरी आपण तेच फळ्यावर काढतो आहोत.

कॉड यांच्या पद्धतीने माझे प्रतिज्ञापत्र अवघ्या तीन ओळींचे होते. एक वेगळा तक्ता करायचा. त्यात खाते क्रमांक, लिपी आणि त्या लिपीतले नाव असे तीन रकाने. खाते क्रमांक तिन्ही ओळींत तोच. नावे हवी तेवढी. पण इथे एक गोष्ट पुस्तकात पुरेशा ठसठशीतपणे सांगितलेली मला आढळली नाही. मार्कशीटला स्वतःचा क्रमांक होता आणि पासबुकालाही स्वतःचा होता. किल्ल्या दोन्हीकडे होत्या. दोघांना सामाईक अशी एकही नव्हती. म्हणून जुळवणी शेवटी नावावर आली आणि नाव अक्षराला अक्षर लावून पाहिले गेले. एका कार्यालयापुरती किल्ली देणे सोपे आहे. कठीण आहे ते दोन कार्यालयांना एकच माणूस ओळखता येणे.

अक्षराला अक्षर लावणे हे देवनागरीत तर आणखीच फसवे आहे. 'कऱ्हाडकर' या शब्दातला अर्धा र युनिकोडमध्ये एकाहून अधिक रीतींनी टंकता येतो. डोळ्यांना शब्द अगदी तोच दिसतो. आतले सांकेतिक क्रमांक वेगळे असतात आणि संगणक दोन कऱ्हाडकर मानून मोकळा होतो. तीच गत अनुक्रमाची. युनिकोडच्या क्रमात 'ळ' हा 'ल'च्या लगेच पुढे येतो, तर आपल्या वर्णमालेत तो 'ह'च्या नंतर. त्यामुळे नुसत्या सांकेतिक क्रमांकांवर यादी लावली तर काळे आधी आणि कासार नंतर. कन्नड वर्णमालेतही 'ळ' शेवटीच आहे आणि युनिकोडमध्ये त्याचीही 'ल'च्या शेजारी तशीच बदली झालेली आहे. सीमाभागात दोन्ही भाषांना एकाच तक्रारीवर सह्या करता याव्यात, असे प्रसंग थोडेच. त्यातला हा एक. असो.

आता पिग्मी. कर्नाटकात हा शब्द सांगावा लागत नाही. उडुपीच्या कॅनरा इंडस्ट्रियल अँड बँकिंग सिंडिकेटने, म्हणजे पुढच्या सिंडिकेट बँकेने, १९२८ मध्ये ही योजना काढली: एजंटाने रोज दारोदार जाऊन छोट्या माणसांची छोटी बचत गोळा करायची. आज अनेक पतसंस्था ती चालवतात. त्यांपैकीच एका संस्थेसाठी मी पी. यू. सी.च्या सुटीपासून गणपत गल्ली आणि खडेबाजार या भागात फिरतो. सुरुवातीला मला एक हातात मावणारे यंत्र मिळाले होते. दुपारी संस्थेत जाऊन ते संगणकाला जोडायचे. माझ्या वाट्याचे सगळे खातेदार आणि त्यांच्या शिल्लक रकमा यंत्रात उतरायच्या. मग जोडणी तोडायची आणि बाजारात जायचे. पैसे घ्यायचे, रक्कम दाबायची, चिठ्ठी फाडून द्यायची. रात्री परत येऊन यंत्र पुन्हा जोडायचे आणि दिवसाची वसुली संगणकात चढवायची. मधले चार-पाच तास यंत्राचा आणि संस्थेचा काही संबंध नसे.

पहिल्याच महिन्यात एक फरक माझ्या लक्षात आला. एका खातेदाराची शिल्लक माझ्या यंत्रात ६,२०० होती. मी १०० रुपये घेतले. चिठ्ठीवर ६,३०० छापून आले. मात्र मी यंत्र घेऊन निघाल्यानंतर त्यांनी संस्थेच्या काउंटरवरून १,००० रुपये काढले होते. म्हणजे संस्थेच्या संगणकात ५,२०० होते. रात्री यंत्राने आपली शिल्लक, ६,३००, संगणकावर चढवली असती तर संस्थेचे हजार रुपये हवेत गेले असते. तसे झाले नाही, कारण यंत्र शिल्लक चढवतच नव्हते. '१०० जमा' एवढा व्यवहार चढवत होते. संगणकाने तो ५,२०० मध्ये मिळवला आणि ५,३०० ही बरोबर शिल्लक निघाली. चिठ्ठीवरचा आकडा तेवढा खोटा ठरला.

घरी हे आजोबांना सांगितले. आजोबा रविवार पेठेतल्या एका अडत दुकानात आयुष्यभर दिवाणजी होते. ते म्हणाले, "मग त्यात काय नवीन? खतावणीत कोणी परस्पर लिहितं काय? आधी रोजकीर्द, मग खतावणी. खतावणी फाटली तर रोजकीर्दीवरून पुन्हा मांडता येते. रोजकीर्द गेली की दुकान गेलं." मी विचारले, "आणि आजोबा, रोजकीर्दीत चूक झाली तर?" "खोडायचं नाही. उलट नोंद घालायची. खोडाखोड दिसली की शेठजी पान फाडत नव्हते, दिवाणजी बदलत होते." कन्नड विभागातल्या मित्रांसाठी सांगतो, तुमच्याकडचा 'किर्दी' हा शब्द आणि आमची रोजकीर्द एकाच घरातल्या.

ग्रंथालयातल्या एका जाड पुस्तकात पुढे मला जिम ग्रे हे नाव भेटले. एक व्यवहार म्हणजे काय, तो पुरा झाला असे केव्हा म्हणावे, अर्ध्यावर वीज गेली तर काय करावे, हे शास्त्र ज्यांनी घडवले त्यांतले ते अग्रणी. १९९८ चा ट्युरिंग पुरस्कार त्यांना मिळाला. त्यांच्या १९८१ च्या निबंधात आजोबांचेच म्हणणे आहे. हिशेबनीस लोक मातीच्या पाट्यांच्या आणि कागद-शाईच्या काळापासून जुनी नोंद बदलत नाहीत, चूक झाल्यास भरपाईची नवी नोंद करतात. संगणकाने मात्र जुने पुसून त्याच जागी नवे लिहिण्याची सवय लावून घेतली, अशी त्यांची टीका आहे. आजचे डेटाबेस बदल करण्यापूर्वी तो एका वेगळ्या नोंदवहीत लिहून ठेवतात आणि यंत्र बंद पडले तर तिच्यावरून पुन्हा उभे राहतात. आम्ही वाणिज्यचे विद्यार्थी हा भाग 'टेक्निकल' म्हणून पर्यायात सोडून देतो. माझ्या मते सबंध पेपरात आमच्या हक्काचा असा तेवढाच भाग आहे.

यंत्र जुने झाले म्हणून गेल्या वर्षी संस्थेने फोनवरचे ॲप दिले. आता जोडायला-तोडायला नको; रक्कम दाबली की थेट संस्थेच्या संगणकात, आणि खातेदाराच्या मोबाईलवर संदेश. सगळ्यांना आनंद झाला. पण गणपत गल्लीच्या आतल्या बोळांत रेंज नसते. एका संध्याकाळी फुले विकणाऱ्या अक्कांचे २०० रुपये घेतले, बटण दाबले, आणि पडद्यावर गोल चक्र फिरत राहिले. मिनिटभर वाट पाहून मी पुन्हा दाबले. झाले. रात्री हिशेबाला बसलो तर रोकड २०० ने कमी. नियमाप्रमाणे ती मी खिशातून भरली. दुसऱ्या दिवशी अक्कांनीच मोबाईल पुढे केला: "ओंद सल कोट्टीनि, एरड सल ह्यांग बंतु?" एकदा दिले, दोनदा कसे आले? त्या खरे बोलल्या म्हणून उलट नोंद होऊन माझे पैसे परत आले. संस्थेत मात्र भिंतीवर सूचना लागली: 'बटण एकदाच दाबावे.'

मी सूचना पाळली. मग उलटे झाले. एका रात्री रोकड ५० रुपयांनी जास्त निघाली. कोणाचे, कळेना, ती रक्कम अनामत खात्यात टाकली. महिनाअखेर खडेबाजारातल्या एका शिंपीमामांनी आपले हप्ते मोजले. त्यांच्या हिशेबाने २६, संस्थेच्या हिशेबाने २५. त्या दिवशी चक्र फिरत असतानाच मी पुढच्या दुकानात गेलो होतो आणि त्यांची नोंद पोहोचलीच नव्हती. अनामतीतले ५० रुपये त्यांच्या खात्यावर गेले, प्रश्न मिटला. मामा मला काही बोलले नाहीत. फक्त दुसऱ्या दिवसापासून एक कार्ड पुढे करू लागले आणि रोज त्यावर माझी सही घेऊ लागले.

नेटवर्कचे प्रकरण मी त्या आठवड्यात दुसऱ्यांदा वाचले, आणि या वेळी व्याख्यांसाठी नव्हे. त्यात दोन सेनापतींची गोष्ट आहे. दोन टेकड्यांवर दोन सैन्ये, मध्ये दरीत शत्रू. दोघांनी एकाच वेळी हल्ला केला तर जय, एकट्याने केला तर नाश. निरोप्याला दरीतून जावे लागते आणि तो वाटेत पकडला जाऊ शकतो. पहिल्याने 'पहाटे हल्ला' असा निरोप पाठवला. तो पोहोचला का, हे त्याला उत्तर आल्याशिवाय कळणार नाही. उत्तर आले, पण उत्तर पोहोचले का, हे दुसऱ्याला कळत नाही. म्हणून उत्तराची पोच, मग त्या पोचेची पोच. कितीही निरोपे धाडले तरी दोघांचीही पुरती खात्री एकाच वेळी होत नाही, हे सिद्ध करता येते. या कोड्याला हे नाव १९७८ मध्ये ग्रे यांनीच दिले. माझ्या फोनवरचे चक्र म्हणजे ती दरी होती. नोंद जाताना हरवली की संस्थेची पोच येताना हरवली, हे पडद्याकडे पाहून कोणालाही सांगता आले नसते. पुन्हा दाबावे तर अक्कांचे दोनदा. न दाबावे तर मामांचे एकदाही नाही. भिंतीवरच्या सूचनेने एक चूक थांबवून तिच्या जागी दुसरी बसवली होती.

यातून वाट आहे, आणि ती नेटवर्कच्या प्रकरणात नसून पुन्हा 'प्रायमरी की'च्याच धड्यात आहे. आमच्या ॲपमध्ये पावती क्रमांक संस्थेचा संगणक देत असे, तोही नोंद पोहोचल्यावर. म्हणून मी दोनदा दाबले की दोन क्रमांक पडत आणि संगणकाच्या दृष्टीने ते दोन व्यवहार होत. क्रमांक फोननेच, पैसे हातात पडताक्षणी दिला तर? समजा एजंट १२, आजची तारीख, पावती ४७. मग चक्र कितीही फिरो, फोनने तीच ४७ नंबरची पावती दहा वेळा पाठवावी. संस्थेच्या तक्त्यात पावती क्रमांक ही मुख्य किल्ली असली की दुसरी नोंद आत शिरूच शकत नाही. संगणक म्हणतो, ही आलेली आहे, आणि पोच तेवढी पुन्हा देतो. रेंज नसेल तर पावती फोनमध्ये पडून राहील आणि रेंज आली की जाईल. फळ्यावर सरांनी विचारलेला प्रश्नच हा: हे तेच, की दुसरे? नाव तीन वेळा आले तरी माणूस एक, नोंद दहा वेळा आली तरी व्यवहार एक. मी हे कागदावर मांडून संस्थेच्या व्यवस्थापकांना दिले. "बघू," म्हणाले. तूर्त मी एका छोट्या वहीत स्वतःचे अनुक्रमांक घालतो.

शेवटच्या, घाईने शिकवल्या जाणाऱ्या प्रकरणात मला आणखी एक ओळखीचे भेटले. अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठात मद्रासच्या आय. आय. टी.त शिकलेले महादेव सत्यनारायणन यांनी १९८७ पासून कोडा नावाची पद्धती उभारली. नेटवर्क तुटलेले असतानाही संगणकावर काम चालू राहावे हा तिचा एक मोठा हेतू. १९९२ मध्ये जेम्स किस्लर आणि सत्यनारायणन यांच्या निबंधात त्याच्या तीन अवस्था दिल्या आहेत: जोडलेले असताना लागणारी माहिती जवळ साठवून घेणे, तुटल्यावर तिच्या आधाराने एकट्याने कारभार करणे आणि प्रत्येक बदलाची नोंद ठेवणे, पुन्हा जोडले गेल्यावर त्या नोंदी क्रमाने चढवून मिळवणी करणे. दुपारी यंत्र भरणे, बाजारात फिरणे, रात्री वसुली चढवणे! जुन्या यंत्राला आम्ही मागासलेले म्हणत होतो आणि नव्या ॲपला आधुनिक. रेंज गेल्यावर काय करायचे याचा विचार मात्र जुन्यातच झालेला होता.

प्राध्यापकवर्गाला एक नम्र विनंती आहे. आमच्या प्रात्यक्षिकात तक्ता तयार करणे, ओळी घालणे आणि त्या पडद्यावर आणणे एवढेच असते. सरांना ही हकिगत सांगितल्यावर त्यांनी एक तास वेगळा दिला. प्रयोगशाळेतला एक संगणक संस्था झाला, आम्हा चौघांचे फोन एजंट झाले. फोन फ्लाइट मोडवर टाकून आम्ही खोटी वसुली केली आणि मग सगळे एकदम जोडले. आधी शिल्लक चढवून पाहिली, मग व्यवहार. पहिल्या वेळी चार जणांचे चार हिशेब निघाले आणि ज्याने शेवटी चढवले त्याचाच खरा ठरला. त्या तासाला मागच्या बाकावरचे मित्रसुद्धा भांडत होते. असा एक तास दर वर्षी असावा.

मामांच्या कार्डावर सही चालू आहे. अक्का मात्र सही मागत नाहीत. त्यांच्या टोपलीमागे भिंतीवर कॅलेंडर आहे. पैसे दिले की त्या दिवसाच्या चौकटीत त्या खडूने एक रेघ ओढतात, आणि महिना संपला की मला उभे करून आधी स्वतःच्या रेघा मोजतात, मग माझ्या फोनमधल्या.